आधी गंज उतरवावा, मग गंध लावावे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले, की घराघरांतून नवरात्राचे मंगल वातावरण पसरू लागते. अखंड दीप, रोज चढणारी माळ, सायंकाळची आरती या क्रमात आठ दिवस कसे सरतात ते कळत नाही आणि नवव्या दिवशी खंडेनवमी येते. खंडा म्हणजे खड्ग. ज्या घरांतून पूर्वी ढाली-तलवारी होत्या तेथे त्यांची पूजा होई. आज तलवार असलेली घरे थोडी. परंतु विळी, कोयता, अडकित्ता, सुरी आणि कात्री नाही असे घर सापडणे कठीण. सुताराच्या घरी रंधा, करवत, पटाशी आणि वाकस पाटावर येतात. शेतकऱ्याच्या ओसरीवर कुऱ्हाड, खुरपे, विळा आणि नांगराचा फाळ मांडला जातो. गवंडी आपली थापी ठेवतो, शिंपी आपले यंत्र पुसून त्याला हार घालतो. कर्नाटकात आणि दक्षिणेकडे हाच दिवस आयुधपूजेचा म्हणून पाळण्यात येतो. ज्याच्या आधाराने घर चालते त्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, ही या सणामागील भावना आजही तितकीच ताजी आहे.

तथापि पाटावर मांडलेल्या या अवजारांकडे जरा निरखून पाहिले, तर अनेक घरी एक विसंगती दिसते. माळ्यावरून अगर खाटेखालून काढलेला कोयता नुसता फडक्याने झटकून पाटावर ठेवलेला असतो आणि त्याच्या पात्यावर तांबूस गंजाचा थर तसाच असतो. त्या थरावरच हळदकुंकू वाहिले जाते. कुंकवाचा लाल आणि गंजाचा तांबडा हे दोन रंग एकमेकांत मिसळून जातात. आणि पूजा पोलादाची झाली की गंजाची, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा!

देवपूजेतील सोळा उपचारांचा क्रम येथे आठवून पाहण्यासारखा आहे. आवाहन आणि आसन झाल्यावर देवाला स्नान घालतात. त्यानंतर वस्त्र, मग गंध आणि फूल. स्नानावाचून गंध लावण्याची रीत नाही. मूर्तीला जो नियम, तोच पाटावरील अवजाराला का असू नये? लोखंडाचे स्नान मात्र पाण्याने साधत नाही. त्याला हवे तेलाचे अभ्यंग आणि श्रमाचे उटणे. गंज काढून, धार लावून, तेलाचा हात फिरवून सिद्ध केलेले हत्यार पाटावर ठेवले, म्हणजे पूजेचा पहिला अर्धा भाग पार पडला असे म्हणावयास हरकत नाही.

या कामाला ही तिथीही मोठी सोयीची आहे. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. कोकणपट्टीत, रत्नागिरी-मालवणापासून अलिबागपर्यंत, तिच्यात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची भर पडते. या काळात लोखंडाची जितकी हानी होते तितकी उरलेल्या आठ महिन्यांत होत नाही. आश्विन उजाडतो, ऊन पडू लागते आणि झालेले नुकसान पाहून दुरुस्त करण्याची हीच वेळ असते. पुढे भातकापणी येते, तिला विळे लागतात. दिवाळीची कामे येतात, त्यांना सुऱ्या आणि खवणी लागते. खंडेनवमीच्या निमित्ताने हत्यारे स्वच्छ झाली, तर पुढचे सारे वर्ष त्याचे फळ मिळते.

शमीवृक्षावरील शस्त्रे

दसऱ्याच्या दिवशी सोने म्हणून आपट्याची पाने वाटताना पांडवांची कथा बहुतेक घरी सांगितली जाते. बारा वर्षांचा वनवास संपवून पांडव अज्ञातवासासाठी विराटनगरीकडे निघाले, तेव्हा आपली शस्त्रे त्यांनी नगराबाहेर स्मशानाजवळच्या एका मोठ्या शमीवृक्षावर लपवून ठेवली. वर्ष संपल्यावर ती त्यांनी पुन्हा हाती घेतली. आणि तो दिवस विजयादशमीचा, अशी आपल्याकडील परंपरा आहे.

या कथेतील एक बारकावा मात्र सांगताना बहुधा सुटून जातो. महाभारताच्या विराटपर्वात असे वर्णन आहे, की शस्त्रे ठेवण्यासाठी नकुल झाडावर चढला आणि ज्या फांद्या मोडणार नाहीत व जेथे पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशा जागा पाहून त्याने ती घट्ट बांधली. कोणाच्या दृष्टीस पडू नयेत ही काळजी तर होतीच. परंतु शस्त्रे भिजू नयेत याचीही चिंता त्या वीरांनी वाहिली. पुढे कौरवांनी गोधन पळविले तेव्हा बृहन्नडेच्या सांगण्यावरून राजपुत्र उत्तर त्याच झाडावर चढला आणि बांधलेली वेष्टने सोडताच आतील धनुष्ये तेजाने झळकू लागली. वर्षभर हात न लागलेली शस्त्रे ऐन संकटाच्या क्षणी उपयोगी पडली, याचे श्रेय ती ठेवताना दाखविलेल्या सावधानतेला द्यावयास नको काय? गाठ पडण्याच्या वेळी हत्यार सज्ज असावे, ही शस्त्रपूजेची खरी शिकवण येथे दिसते.

गंज म्हणजे नेमके काय

गंज हा बाहेरून येऊन बसणारा मळ आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. मळ पुसला की खालची वस्तू जशीच्या तशी असते. गंजाचे तसे नाही. लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी या तिघांचा संयोग होऊन गंज तयार होतो. म्हणजे गंजाचा प्रत्येक कण हा त्या पात्याच्याच अंगाचा गेलेला भाग असतो. आपण गंज काढतो तेव्हा गेलेले लोखंड परत येत नसते; उरलेले तेवढे वाचते. म्हणूनच या कामात दिरंगाईची किंमत मोठी आहे.

तिघांपैकी एकाला जरी दूर ठेवता आले तरी गंज चढत नाही. प्राणवायू टाळणे आपल्या हाती नाही. पाणी टाळणे पुष्कळ अंशी आहे. मात्र पाणी म्हणजे केवळ पाऊस नव्हे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा पापुद्रा धातूवर जमू लागतो आणि तेवढा गंजाला पुरतो. त्यात मीठ असेल तर क्रिया अधिकच वेगाने होते. समुद्रकाठच्या घरांत नवा खिळाही एका पावसाळ्यात तांबडा पडतो, त्याचे कारण हेच. घामाच्या हातांनी धरलेल्या सुरीवर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात, तेही घामातील मिठामुळे.

तांबे, ॲल्युमिनियम यांवरही हवेचा परिणाम होतो. परंतु तेथे जमणारा पापुद्रा घट्ट बसतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीहून अधिक जागा व्यापतो, फुगतो, त्याचे खवले सुटतात आणि खालचे नवे लोखंड पुन्हा हवेपुढे उघडे पडते. एवढेच नव्हे, तर तो ओलावा धरून ठेवतो. एकदा लागलेला गंज म्हणूनच आपण होऊन थांबत नाही. बुद्धीला गंज चढला असे आपण म्हणतो तेव्हा हीच गोष्ट सुचवीत असतो. न वापरल्यामुळे सुरू झालेली झीज पुढे आपल्याच बळावर वाढत राहते.

अंगणात सारवणानंतर आपण गेरूची बोटे ओढतो, तुळशीवृंदावन गेरूने रंगवितो. हा गेरू आणि हा गंज एकाच कुळातील आहेत. दोन्ही लोखंड व प्राणवायू यांचीच संयुगे. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील तांबड्या मातीला रंग येतो तोही यांच्यामुळे. लोहार भट्टीच्या आगीत मातीतून धातू वेगळा करतो आणि आपण दुर्लक्ष केले, की तो धातू पुन्हा मातीच्या रूपाकडे परतू लागतो. हत्यार जपणे म्हणजे भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या त्या कारागिराचे श्रम जपणे होय. पांचाळ परंपरेत लोहारकामाचा मूळपुरुष म्हणून विश्वकर्म्याचा पुत्र मनू याला मान आहे. त्या परंपरेचा आदर अवजार नीट ठेवण्यातून जितका व्यक्त होतो, तितका शब्दांतून होणार नाही.

दिल्लीचा लोहस्तंभ काय सांगतो

लोखंड आणि गंज यांचा विषय निघाला, की दिल्लीजवळ मेहरोली येथे कुतुबमिनाराच्या आवारात उभ्या असलेल्या लोहस्तंभाची आठवण होतेच. सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा हा स्तंभ ७ मीटरहून थोडा अधिक उंच असून त्याचे वजन ६ टनांहून अधिक आहे. त्यावरील लेखात चंद्र नावाच्या राजाने तो विष्णुध्वज म्हणून उभारल्याचे सांगितले आहे. हा राजा म्हणजे गुप्तवंशातील दुसरा चंद्रगुप्त असे बहुतेक विद्वान मानतात. इतक्या शतकांचे ऊनपाऊस सोसूनही स्तंभाची मोठी हानी झालेली नाही.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा दीर्घ अभ्यास केला आणि २००२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राचीन पद्धतीने कोळशाच्या भट्टीत काढलेल्या या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादाहून पुष्कळ अधिक आहे. त्यामुळे आरंभी चढलेल्या गंजाखाली कालांतराने फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट पापुद्रा तयार झाला आणि तोच स्तंभाचे कवच बनला. दिल्लीच्या बऱ्याच अंशी कोरड्या हवेचेही त्याला साहाय्य झाले. जमिनीत पुरलेल्या भागाला मात्र ओलाव्यामुळे गंज लागलेला आढळला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात सतत लागू नयेत म्हणून १९९७ साली स्तंभाभोवती कुंपण घालण्यात आले.

यातून आपल्या घरापुरता बोध एवढाच, की गंज न लागणारे लोखंड म्हणजे कवच लाभलेले लोखंड. स्तंभाला ते त्याच्या घडणीतूनच मिळाले. आपल्या विळीला आणि पटाशीला ते नाही. ते आपण तेलाच्या रूपाने, वेळोवेळी, स्वतःच्या हाताने द्यावयाचे आहे.

घरच्या घरी सफाई

घटस्थापनेनंतरच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातील सर्व लोखंडी हत्यारे एकत्र काढावीत आणि त्यांचे तीन भाग करावेत. केवळ तांबूस झाक आलेली ती पहिली. बोटाला खरखर लागेल इतका गंज चढलेली ती दुसरी. आणि ज्यांवर खवले सुटले आहेत अगर खड्डे पडले आहेत ती तिसरी. प्रत्येकाला उपाय निराळा आहे. कोणताही उपाय करण्यापूर्वी हत्यार साबणाच्या पाण्याने धुऊन पुसावे. जुन्या तेलकटाखाली दडलेल्या गंजापर्यंत औषध पोहोचत नाही.

पहिल्या प्रकारासाठी तेल आणि चोळणे एवढे पुरते. पूर्वी घरोघरी रॉकेल असे. आता ते शहरांत सहसा मिळत नाही, म्हणून शिलाई यंत्राचे पातळ तेल वापरावे. ते लावून हत्यार काही तास तसेच ठेवावे; गंज सैल होतो. मग तारेच्या घासणीने किंवा बारीक पॉलिश पेपरने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासावे. आडवे-तिडवे घासल्यास ओरखडे उमटतात. जुन्या घरांतून विटेची वस्त्रगाळ पूड आणि तेल घेऊन विळी घासत. ती रीतही उत्तम आहे.

दुसऱ्या प्रकारासाठी आंबट पदार्थांचा उपयोग होतो. देवाची तांब्यापितळेची उपकरणी आपण चिंचेने घासतो, तेच तत्त्व येथेही लागू पडते. आम्ल गंजाला विरघळविते. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवून त्यात हत्याराचा लोखंडी भाग बुडवून ठेवावा. साधे व्हिनेगरही चालते. ते अधिक वेळ घेते. लाकडी मूठ पाण्याबाहेर राहील असे पाहावे. दर तासाला काढून ब्रशने घासावे आणि गंज निघाला की लगेच थांबावे, कारण गंज संपल्यावर आम्ल चांगल्या लोखंडालाही सोडीत नाही. हत्यार बाहेर काढल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळावे, स्वच्छ पाण्याने धुवावे, लगोलग कोरडे करावे आणि उन्हात गरम झाले की तेल लावावे. या शेवटच्या पायरीत पाच-दहा मिनिटांची जरी ढिलाई झाली तरी उघड्या पडलेल्या धातूवर नवा तांबूस गंज चढू लागतो.

तिसरा प्रकार अवघड. येथे विजेची मदत घेता येते. मात्र ज्यांना विजेच्या कामाची चांगली माहिती आहे अशा प्रौढ व्यक्तीनेच ती घ्यावी. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेले हत्यार त्यात टांगून त्याला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार जोडावी. दुसऱ्या बाजूला साध्या लोखंडाचा निरुपयोगी तुकडा टांगून त्याला धन तार जोडावी. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. प्रवाह सुरू केला की हत्याराभोवती बारीक बुडबुडे येऊ लागतात, गंज काळसर होऊन सैल पडतो आणि काही तासांनी ब्रशने निघून येतो. शिल्लक राहिलेल्या चांगल्या लोखंडाला या रीतीने धक्का लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

या कृतीची पथ्ये कडक आहेत. बादलीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असल्याने हे काम उघड्यावर करावे आणि जवळ निरांजन, उदबत्ती अगर विडी नसावी. धन बाजूला स्टेनलेस स्टील कदापि वापरू नये; त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ घालू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. घरातील विजेचा प्रवाह चार्जरवाचून थेट कधीही जोडू नये आणि प्रवाह चालू असताना पाण्यात हात घालू नये.

खड्डे पडलेल्या कुऱ्हाडीच्या अगर पहारीच्या अंगातील गंज पूर्णपणे निघत नाही. तेथे आपल्या सह्याद्रीतील हिरडा उपयोगी पडतो. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की गडद काळा पदार्थ बनतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करीत ती याच गुणामुळे. कुटलेला हिरडा पाण्यात उकळून त्याचा दाट काढा घासलेल्या भागावर ब्रशने लावावा आणि वाळू द्यावा. खड्ड्यांत उरलेला गंज काळा पडून बराच स्थिरावतो. त्यावर तेलाचा हात द्यावा, म्हणजे अवजार दिसावयासही देखणे होते. पोटात जाणाऱ्या वस्तू ज्याने चिरतात त्या पात्यांना मात्र हा लेप लावू नये.

स्वयंपाकघरातील लोखंडी तवा व कढई यांना सौम्य उपाय करावा. जाड्या मिठाने गंज घासून काढावा, धुऊन लगेच मंद आचेवर कोरडे करावे आणि तेलाचे बोट फिरवून धूर येईपर्यंत तापवावे. विळी, खवणी आणि सुरी यांना शेवटी खोबरेल तेल लावावे. यंत्राचे तेल अन्नाशी संबंध येणाऱ्या धातूवर नको.

उत्साहाच्या भरात होणारे अपाय

संडास धुण्याचे तीव्र आम्ल गंज झटपट काढते म्हणून काही जण ते वापरतात. त्याची वाफ डोळ्यांना व छातीला अपायकारक आहे. शिवाय त्यातील क्लोराइडचा अंश धातूवर राहून गंज दुप्पट जोमाने परततो. कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरीच्या संपर्कात आल्यास विषारी वायू निघतो, हेही ध्यानात ठेवावे.

विजेवर फिरणाऱ्या सहाणेवर पाते धरताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि पाते वारंवार पाण्यात बुडवून थंड करावे. लोहार पात्याला पाणी देतो तेव्हा त्यात धार टिकवण्याची शक्ती येते. घर्षणाने पाते सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापले, धारेवर निळी झाक आली, की ते पाणी उतरते. मग कितीही धार लावली तरी ती टिकत नाही.

गंजलेला खिळा लागला की धनुर्वात होतो, अशी समजूत सर्वत्र आहे. रोगाचे जंतू गंजात उत्पन्न होत नाहीत. ते माती आणि शेणखत यांत असतात आणि खोल जखमेतून शरीरात शिरतात. म्हणजे स्वच्छ केलेल्या हत्यारानेही जखम झाली तर ती धुऊन डॉक्टरांना दाखवावी आणि प्रतिबंधक लस घेतलेली असावी. तथापि बोथट, गंजलेला कोयताच अधिक अपघात घडवितो, हे नारळ सोलणारा कोणीही सांगेल; कारण त्याला जोर अधिक द्यावा लागतो आणि तो निसटतो. कुऱ्हाडीच्या नेढ्यात गंज शिरून दांडा सैल झाला असेल तर घाव घालतानाच पाते उडण्याची भीती असते. सफाई करताना नेढे आणि दांडा यांची परीक्षा अवश्य करावी.

वाडवडिलांची तलवार, कट्यार अगर कोरीव अडकित्ता घरात असेल, तर वर सांगितलेले आम्लाचे व विजेचे उपाय त्यावर करू नयेत. अशा वस्तूंवर अनेकदा अक्षरे, चांदीचे जडावकाम किंवा पोलादातील नैसर्गिक लहरी असतात. पॉलिश पेपरच्या चार फटकाऱ्यांत त्या कायमच्या पुसल्या जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील नाना घाटांचे अडकित्ते ज्यांनी पाहिले असतील, त्यांना अशा लहानशा घरगुती वस्तूतही केवढी कला साठवलेली असते याची कल्पना येईल. जुन्या शस्त्राला मऊ फडक्याने पातळ तेलाचा हात तेवढा द्यावा, ते चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. आणि गंज खोल असेल तर जाणकाराचा सल्ला घ्यावा. जेजुरीच्या खंडोबाचा सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा दसऱ्याच्या उत्सवात उचलला जातो, तेव्हा तो पाहावयास हजारो भाविक जमतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे शस्त्र आजही हाती घेता येते, यामागे त्याला जपणारे किती हात असतील!

पूजेच्या दिवशी आणि त्यानंतर

सारे स्वच्छ झाल्यावर पूजेत एक गोष्ट सांभाळावी. प्रोक्षणाचे पाणी, ओले गंध, झेंडूच्या पाकळ्यांचा रस, नारळाचे पाणी ही सर्व लोखंडाला गंज चढविणारी आहेत. पूजेत त्यांना स्थान आहे आणि ते राहावेच. परंतु त्यापूर्वी पात्यावर तेलाचा पातळ थर असावा, हळदकुंकू कोरडे वाहावे आणि नारळ हत्यारांपासून थोडा दूर वाढवावा. दसऱ्याच्या दिवशी पूजा उतरल्यावर फुले काढून, प्रत्येक अवजार कोरड्या फडक्याने पुसून, पुन्हा तेल लावूनच जागी ठेवावे. कित्येक घरी दोन दिवसांचा ओला हार तसाच अंगावर घेऊन हत्यारे पेटीत जातात आणि पुढल्या वर्षी बाहेर निघतात ती गंजूनच.

ठेवण्याची जागा भिंतीपासून सुटी, जमिनीपासून उंच आणि वारा खेळता राहील अशी असावी. नकुलाने पावसाचे पाणी न पोहोचणारी फांदी शोधली. आपल्याला कोरडा कोनाडा शोधणे जड जाऊ नये. महिन्यातून एकदा तेलाचे फडके फिरविले, तर पुढील वर्षी या लेखातील बहुतेक उपायांची गरजच भासणार नाही. नित्य वापरातील विळीला गंज फारसा चढत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

या कामात घरातील मुलांना जवळ बसवावे. आम्ल आणि वीज यांपासून त्यांना दूर ठेवून तेल लावण्याचे, पुसण्याचे काम त्यांच्या हाती द्यावे. आजोबांचा रंधा भंगारवाल्याच्या तराजूत लोखंडाच्या भावाने जातो, याचे कारण तो निरुपयोगी झालेला असतो असे नाही. तो गंजाखाली ओळखू येईनासा झालेला असतो. पात्याच्या धारेपर्यंत खड्डे पोहोचले की मग त्याला धार धरत नाही आणि तेव्हा खरोखरच काही करता येत नाही. त्याआधी एक दुपार खर्च केली, तर तेच हत्यार नातवाच्या हाती काम देऊ शकते. हे रंध्याचे पाते कोणी घडविले असेल, या कोयत्याने किती पिढ्यांचे नारळ सोलले, अशा गोष्टी तेलाचे फडके फिरविताना सहज निघतात. आणि त्या ऐकलेले मूल ते हत्यार सहसा फेकून देत नाही.

अद्याप नवमीला अवकाश आहे. आज-उद्या माळ्यावरील पेटी खाली काढावी, हत्यारे उन्हात मांडावीत आणि घरातील सर्वांनी मिळून गंज उतरवावा. नवमीच्या सकाळी पाटावर मांडलेल्या लखलखीत पात्यात देवघरातील अखंड दीपाची ज्योत उमटेल. त्या पात्याला मग प्रसन्न मनाने गंध लावावे आणि वर्षभर आपल्यासाठी झिजणाऱ्या त्या लोखंडापुढे हात जोडावेत.